बारवेतलं बोलणं

संक्रांत होऊन गेली होती. अंकिता सकाळच्या एस.टी.नं कडेगावच्या स्टँडवर उतरली तेव्हा धुकं अजून उसाच्या शेंड्यांवर लोंबत होतं. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांतून पडलेली उसाची वाढं ओलीचिंब होऊन डांबराला चिकटली होती. तिच्या हातात जेवणाचा डबा होता. पहाटे उठून तिनं दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटली होती. करताना पीठ किती घ्यावं तेच कळेना. एकटीपुरतं करायची सवय झालेली.

तिचं सासर विट्याचं. विट्यात अशी घरं पुष्कळ. पुरुषमाणसं सोनं गाळायच्या धंद्यात कुठं कुठं लांब पांगलेली आणि गावात बांधलेल्या मोठ्या घरात एखादी बाई. अंकिताचा नवरा रविराज कोइमतूरला होता. तीही लग्नापासून तिकडंच राहिली. मग सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती विट्याला आली. सासू गेली, पण ‘घराकडं कुणीतरी पायजे’ म्हणून ती तिथंच राहिली. मुलगा शंभूराज बापाच्या हाताखाली दुकानात बसू लागला. फोन आधी रोज यायचा, मग एक दिवसाआड, आता रविवारी. घर नवंकोरं होतं, खाली संगमरवर, वर कुणीच न वापरलेल्या खोल्या. दूधवाला फाटकाला पिशवी अडकवून जायचा. भाजीवालीला बोटानं दाखवलं की भागायचं. कधी कधी दिवसातला पहिला शब्द तोंडातून निघायला दुपार उजाडायची, आणि निघाला की तिचा तिलाच तो परका वाटायचा.

“आली बाई एकदाची!” प्रियदर्शनीनं गाडीच्या खिडकीतून हात हलवला.

प्रियदर्शनीचा नवरा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. गाडी त्यानं घेतली, पण चालवायची हौस हिची. तिच्या शेजारी सलिमा बसली होती. तिचं नि तिच्या नवऱ्याचं, मुजीबचं, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. तिघी कडेगावच्या शाळेत एका बाकावरच्या. अंकिताचं माहेर तिथलंच, पण आता तिथं कुणी उरलं नव्हतं.

“आख्खी दुनिया येऊन वाई बघून जाती,” प्रियदर्शनी गाडी वळवत म्हणाली, “आन् आमी दोन तासांवर राहून बघितली न्हाई. आज घाट, देवळं, जुनं चौक, सगळं बघायचं. घरच्यांना सांगून ठेवलंय, दिवसभर फोन करू नगा.”

शाळेत असताना अंकिता वर्गातल्या सगळ्यांच्या नकला करायची. ती हसायला लागली की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहायचे. त्या हसण्याच्या ओढीनंच खरं तर दोघींनी तिला या सहलीला ओढून आणलं होतं. पण कराड गेलं, सातारा गेलं, तरी अंकिता खिडकीबाहेर बघत बसलेली.

वाईला कृष्णेचं पाणी खाली गेलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, फोटो काढले, मग मेणवलीच्या घाटावर जाऊन ती मोठी घंटा बघितली. प्रियदर्शनी सगळं वाचून आल्यासारखी सांगत होती, सलिमा मधेच तिची फिरकी घेत होती. अंकिता दोन पावलं मागं.

“बोल की गं काईतरी,” सलिमा म्हणाली.

“ऐकतीय की.”

“ऐकायला आणलंय व्हय तुला?”

अंकिता ओशाळून हसली. तिला बोलायचं होतं. पण बोलायचं म्हटलं की गळ्यात काहीतरी आडवं यायचं, आणि ते बाजूला सारेपर्यंत बोलणं पुढं निघून गेलेलं असायचं. सलिमाही तिच्याकडं पुन्हा पुन्हा बघत होती. काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि “जाऊ दे” म्हणून पदर सावरायची.

परतीच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून जरा आत, एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माणसं राहतात, त्यांच्या लेकीबाळी बाहेर नांदतात. गावाला जुना फरसबंदी चौक आहे. मधोमध पिंपळाचा पार, चारी बाजूंनी दगडी जोत्यांची घरं. बरीचशी बंद. आणि चौकातून उसामधून गेलेल्या पाऊलवाटेच्या टोकाला एक बारव आहे, पायऱ्यापायऱ्यांची जुनी विहीर. प्रियदर्शनीला तीच दाखवायची होती.

पारावर बसून त्यांनी डबा खाल्ला. चौकात एकच माणूस होतं. पाटीत पेरू घेऊन बसलेली एक म्हातारी, रंगुबाई. तिच्याकडून पेरू घेताना प्रियदर्शनीनं बारवेची वाट विचारली.

“जावा की, सरळ हाय,” रंगुबाई म्हणाली. मग मिठाची पुडी बांधता बांधता थांबली. “तितं लय येळ बसू नगा म्हंजे झालं.”

“का वं आजी? साप हायत काय?”

“न्हाई, साप न्हाईत.”

एवढंच. उन्हं डोक्यावरून कलली होती. तिघी वाटेला लागल्या. दोन्हीकडं तोडणीला आलेला उभा ऊस, त्याची पाती अंगाला घासत होती. बारव अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसलीच नाही. जमीन एकाएकी संपली आणि काळ्या पायऱ्या खाली उतरू लागल्या. खाली एक कमान. कमानीच्या आत पाण्याच्या अंगाला एक अरुंद ओवरी, तिथं बसायला दगडी कट्टा. वरचं ऊन कमानीपाशी थांबत होतं. आत गारवा होता, शेवाळाचा आणि वटवाघळांचा वास होता. पाणी हिरवट काळं, हलत नव्हतं.

प्रियदर्शनीनं “ओऽऽ” केलं. बारवेनं तसंच “ओऽऽ” परत केलं. दोघी खिदळल्या. फोटो झाले. मग सलिमाला थंडी वाजू लागली.

“चला वर. अंके, चल.”

“तुमी व्हा म्होरं. आलेच मी.”

तिला तिथं बरं वाटत होतं, एवढंच कारण. त्या दोघींची पावलं पायऱ्या चढत गेली, उसात मिसळली, ऐकू येईनाशी झाली. अंकिता कट्ट्यावर टेकली. समोर पाणी. तिनं सहज, आवाज कसा येतो बघावं म्हणून म्हटलं, “मी अंकिता.”

“...अंकिता,” बारव म्हणाली.

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी कुणी तिला तिचं नाव परत दिलं होतं. ती आणखी एक वाक्य बोलली. मग आणखी एक. आणि मग गळ्यात जे आडवं असायचं ते सुटलंच. कोइमतूरच्या त्या गल्लीत पहिल्या वर्षी दुकानदाराला मीठ कसं मागायचं ते येत नव्हतं म्हणून ती रडली होती, ते तिनं सांगितलं. शंभूराजला पहिला दात आला तेव्हा दाखवायला शेजारी आपलं कुणी नव्हतं, ते सांगितलं. सासू शेवटी शेवटी तिला आपली मेलेली बहीण समजून बोलायची, आणि सासू गेल्यावर त्या खोट्या नावाचीसुद्धा हाक बंद झाली, ते सांगितलं. रविराज फोनवर “जेवलीस का” विचारतो आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागतो, ते सांगितलं. ती बोलत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि छातीवरचं ओझं उतरत होतं.

बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं. बारव आता तिचं बोलणं परत करत नव्हती.

ती थांबली. सगळं सामसूम झालं. तिनं हलकेच म्हणून पाहिलं, “मी अंकिता.”

काही नाही. शब्द पाण्यावर गेला आणि तिकडंच राहिला. एखाद्यानं कान देऊन ऐकावं तसं सगळं स्तब्ध होतं. वटवाघूळ हललं नाही की पाणी. ती कट्ट्यावरून उठली.

तेवढ्यात वरून, उसातून, हसणं ऐकू आलं. प्रियदर्शनीचं, नाकातून येणारं. सलिमाचं, धाप लागल्यासारखं. आणि तिसरं. मोकळं, उंच चढत जाणारं, शेजारच्या वर्गातले मास्तर दारात आणणारं...

ते हसणं ती ओळखत होती. ते तिचंच होतं.

कशी पायऱ्या चढली तिला कळलं नाही. वर आली तर पाऊलवाट रिकामी. उसाची पाती मात्र आत्ताच कुणी सारून गेल्यागत डुलत होती. धावत चौकात आली. ऊन पारावरून सरकून घरांच्या माळवदावर गेलं होतं. गाडी नव्हती.

रंगुबाई पाटी आवरत होती. अंकिताला बघून तिचे हात थांबले. तिनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा अंकिताकडं.

“तू तर गेलीस की गं बाई,” ती म्हणाली. “गाडीत बसून. मला हात बी केलास...”

अंकितानं फोन काढला. प्रियदर्शनीला लावला.

“हॅलो? कोण बोलतंय?” प्रियदर्शनीचा आवाज. मागं नदीचा आवाज, माणसांचा गलका.

“प्रिये... मी. अंकिता.” पण गळ्यातून नुसतं खरखरणं बाहेर आलं.

“आजी, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येईना. अगं अंके, तुझा फोन तिकडंच राहिला बघ, कुण्या म्हातारीला घावलाय!”

आणि मग पलीकडून, अगदी फोनजवळ, शांत आणि हसरा आवाज आला. “त्यांना म्हणावं, पारावर थांबा. आपण जाता जाता घेऊ.”

अंकितानं फोन कानापासून लांब धरला. तो आवाज तिला रोज आपल्या डोक्यात ऐकू यायचा, बाहेर कधी निघायचा नाही, तोच.

ती पारावर बसली. रंगुबाई घरी गेली नाही. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि अंग चोरून शेजारी बसली.

“तितं बोललीस व्हय?” तिनं विचारलं.

अंकितानं मान हलवली.

“आमी पाण्याला जायचो तवा सासू सांगायची, गुमान जावा, गुमान या. तितं बोलायचं न्हाई.”

“का?” अंकिताचे ओठ नुसते हलले.

“कुणाला ठावं. माझ्या सासूला बी ठावं नव्हतं.” रंगुबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. “माझी एक जाऊ व्हती. लय बोलकी. एकदा तितं रडत बसली, मन मोकळं केलं म्हणाली. मग गप झाली ती झालीच. आन् लोक सांगायचं, काल बाजारात भेटली, लय ग्वाड बोलली... ती तर घरात चुलीम्होरं बसलेली.”

पुढं काय झालं ते रंगुबाईनं सांगितलं नाही. 

दिवेलागणीला गाडी आली. चौकाच्या तोंडाशी वळताना तिच्या दिव्यांचा झोत पारावर पडला. अंकिताला पुढच्या काचेतून दोघी दिसल्या आणि मागं, मधोमध पुढं झुकून बोलणारी तिसरी सावली. गाडी थांबली. मागचं दार उघडलं. उतरलं कुणीच नाही.

“अगं, तू कवा उतरलीस?” प्रियदर्शनी खाली उतरून बघते तर अंकिता पारावर. “गाडी थांबायच्या आत? पडली असतीस की! घावला का फोन? ती म्हातारी कुटं हाय?”

रंगुबाई कधी उठून गेली होती कोण जाणे.

सलिमानं येऊन अंकिताला मिठीच मारली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण चेहरा धुऊन पुसल्यासारखा निवांत होता. “हात किती गार तुझं,” ती म्हणाली. “चल.”

मागची सीट ओली होती. अंकिता ओल्या जागेपासून सरकून कडेला बसली.

गाडी साताऱ्याकडून कराडच्या रस्त्याला लागली. दोघी दुपारचंच बोलत होत्या. बारवेवरून निघाल्यावर अंकितानं कृष्णाकाठी माहुलीच्या घाटावर मास्तरांची नक्कल कशी केली, कोइमतूरच्या मिठाची गोष्ट सांगताना दोघींना कसं रडवलं आणि हसवलं. “आमची अंकी परत मिळाली बघ आमाला,” प्रियदर्शनी म्हणाली. मग आरशातून मागं बघत तिनं विचारलं, “आता का गप झालीस गं?”

“दमली आसंल,” सलिमानं मागं हात घालून अंकिताचा हात धरला. आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “मगाशी घाटावर तुला जे सांगितलं ते तुझ्या-माझ्यात राहू दे. घरी मुजीबला बी अजून माहीत न्हाई. तुला सांगून लय हलकं वाटलं बघ.”

काय सांगितलंस, असं विचारायचं होतं. त्या घाटावर मी नव्हते गं, असं म्हणायचं होतं. पण सलिमाच्या तोंडावर इतकी सुटका दिसत होती की ती हिरावून घ्यायचा धीर अंकिताला झाला नाही. तिनं नुसती मान हलवली. पुढं कितीदा तरी तिला वाटलं, बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

विट्याला परतल्यावर ते घर आणखीच मोठं झाल्यासारखं वाटू लागलं. आवाज अगदीच बसला होता. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं, म्हणाले, काही नाही, गरम पाणी पीत जा. रविवारी रविराजचा फोन आला. “ऐकू येईना गं, रेंज न्हाई वाटतं,” म्हणून त्यानं ठेवून दिला.

मग दुसरे फोन येऊ लागले.

“काल आलीस, लय बरं वाटलं,” प्रियदर्शनी सांगायची. “आमच्या ह्यांना बी तू आवडलीस. एवढं हसलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं.” अंकिता आदल्या दिवशी घराबाहेर पडलेली नसायची. ती फोन कानाला धरून ऐकत राहायची. आपण काय काय बोललो, काय खाल्लं, कशा निघताना दारात पुन्हा गप्पा मारत उभ्या राहिलो. आणि खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला आवडायचं. कुणीतरी तिची वाट बघत होतं. कुणालातरी ती हवी होती. भीती वाटायची ती फोन ठेवल्यावर, घरातला दिवा लावताना.

शिमगा जवळ आला तेव्हा सलिमाचा फोन आला. आवाज क्षीण होता.

“घरी सोडलं आज. छातीतली गाठ काढली. साधीच निघाली, अल्लाचं शुकर. तू मिरजेला दवाखान्यात आलीस म्हणून मी ऑपरेशनच्या टेबलावर चढले गं अंके. न्हाईतर पळूनच गेले असते. आत नेईपर्यंत हात सोडला न्हाईस...”

अंकिता खाली संगमरवरावर बसली. छातीतली गाठ. ते सलिमा दिवसभर सांगू बघत होती, वाईच्या घाटावर, मेणवलीला. आणि आपण दोन पावलं मागं चालत होतो. तिची मैत्रीण मरणाच्या भीतीनं कापत होती, तेव्हा तिचा हात धरायला दुसरंच कुणी गेलं होतं, आणि ही इथं भाजीवालीला बोट दाखवत उभी होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिला भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. राग आला. सलिमा माझी आहे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण न करताच ती कडेगावच्या गाडीत बसली. सगळं सांगायचं. बोलता आलं नाही तर हातवारे करून, रडून, पण सांगायचं. मी ती नाही. मी ही आहे.

सलिमाचं घर बाजारपेठेच्या मागच्या बोळात. भर दुपार होती, दुकानं मिटलेली, बोळात चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. दारात चपलांचे जोड होते. प्रियदर्शनीचा, सलिमाचा, आणि एक अंकिताच्या मापाचा, तिच्या पायातल्यासारखाच. त्यातून पाणी ठिबकत होतं. पायरीवरून ओघळ खाली बोळात आला होता, आणि एवढ्या रणरणत्या उन्हात तो वाळत नव्हता.

आत हसणं चाललं होतं. तिघींचं.

अंकितानं दारावर हात ठेवला. हसणं एकदम थांबलं.

“दारात कोण हाय वाटतं,” सलिमा म्हणाली.

“न्हाई गं. तू पड.” तो आवाज हळू होता, मायेचा होता. “येती अशीच अधनंमधनं. उभी राहती आन् जाती.”

“कोण?”

खाट करकरली. सलिमा उठून बसत असावी. “कोण हाय गं भाईर?” तिनं हाक दिली. दुखणाईत, पण ओळखीची हाक. शाळा सुटल्यावर फाटकापाशी मारायची तशी.

अंकितानं सगळा जीव गोळा केला, तोंड उघडलं आणि म्हणाली,

“मी.”

ओठ हलले. जीभ हलली. पण शब्द तिच्या तोंडातून आला नाही. तो आतून आला, दाराच्या पलीकडून, सलिमाच्या अगदी उशापासून, स्वच्छ आणि गोड.

“मी हाय की गं. हितंच हाय तुझ्यापाशी.”

“मग असू दे,” सलिमा म्हणाली, आणि खाट पुन्हा करकरली.

दाराच्या मागं ओली पावलं वाजली. सावकाश, अगदी जवळ येऊन थांबली. फळ्यांच्या फटीतून शेवाळाचा वास आला. आणि मग आतून, आवाज होऊ नये म्हणून हलक्या हातानं, कुणीतरी कडी लावून घेतली.